मधून वळणारा टेलिहँडलर घ्यावा की चारही चाकं वळणारा? (मोर्शी तालुका, गोठा + संत्रा)

पांदण_मोर्शी

नमस्कार मंडळी. ४५ एकर काळं वावर आहे. १४ एकर संत्रा, बाकी सोयाबीन, तूर, कपाशी. गोठ्यात लहानमोठी ७० जनावरं. ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर आता पुरत नाही, म्हणून टेलिहँडलर (लांब होणाऱ्या हाताची, म्हणजे बूमची, उचल मशीन) बघतो आहे.

कामं अशी: मुरघासाचे गोल गठ्ठे (४५०-५०० किलो) उतरवून तीन थर लावणं, शेणखत ट्रॉलीत भरणं, सोयाबीनच्या १ टनाच्या जंबो बॅगा ट्रकवर चढवणं, संत्र्याच्या क्रेटचे पॅलेट शेडपर्यंत आणणं, कुटार ढकलणं. गोठ्यात गव्हाणीपुढची वाट ३.२ मीटर, दरवाजा २.७ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच. अर्ध्या आवारात मुरूम टाकलेला, बाकी काळी मातीच.

सांध्यातून मधोमध वळणारी मशीन गोठ्यासाठी बरी, असं बरेच जण म्हणतात. नेमकं कशात बरी? आणि घेताना काय तपासायचं?

हिशेबी_वर्धा

लोक "कमी जागेत वळते" म्हणून मधून वळणारी घ्यायला जातात, तिथेच गडबड होते. सात मीटर उचलणारा, चारही चाकं वळणारा टेलिहँडलर बाहेरच्या टायरच्या हिशेबाने पावणेचार मीटरच्या त्रिज्येत वळतो. तेवढ्याच ताकदीची मधून वळणारी मशीन यात पुढे असेलच असं नाही. तिचे खरे फायदे वेगळे आहेत.

एक, ड्रायव्हर मधोमध, बूमच्या बरोबर मागे आणि उंच बसतो. दोन्ही काटे आणि बकेटच्या दोन्ही कडा सारख्या दिसतात. दुसऱ्या प्रकारात केबिन डावीकडे असते आणि उजव्या अंगाला इंजिन व बूम आडवं येतं. दिवसभर शेणखताच्या ढिगातून ट्रॉली भरायची असेल तर हा फरक मोठा.

दोन, मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात. गव्हाणीच्या कोपऱ्यावर पुढचं चाक निघालं की मागचंही निघतं.

तीन, भिंतीलगत उभी मशीन बाहेर काढताना. चारही चाकं वळवली की मागचा भाग भिंतीकडे झुकतो, त्यामुळे आधी फक्त पुढच्या चाकांवर यावं लागतं. मधून वळणारीतही बुड थोडं बाहेर येतं, पण चालवणाऱ्याला मोड बदलत बसावं लागत नाही.

चार, अरुंद मॉडेल मिळतात. सात मीटरवाल्यांची रुंदी २.३ मीटरच्या पुढे जाते, म्हणजे तुमच्या २.७ च्या दरवाजात दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही. मधून वळणाऱ्या लहान मशीन पावणेदोन-दोन मीटर रुंदीतही असतात.

आता तोटा. वळताना पुढचा अर्धा भाग बूम आणि ओझ्यासकट बाजूला जातो, मागचं वजन सरळ रेषेतून सुटतं. सरळ उभी असताना पेलते तेवढं ओझं पूर्ण वळल्यावर पेलत नाही. ताठ चेसीच्या मशीनमध्ये वळण्याने हा फरक असा पडत नाही. म्हणून माहितीपत्रकावरचा मोठ्या अक्षरातला "३ टन" वाचून सौदा करू नका. पूर्ण वळलेल्या स्थितीतलं उलटण्याचं ओझं (ज्या ओझ्याला मशीन उलटू लागते ते) मागा, आणि तेही बूम आत असताना व बूम पूर्ण बाहेर असताना, असे दोन्ही आकडे.

त्या आकड्यावरून कामाचं ओझं असं काढतात: काट्यांवर, सपाट घट्ट जमिनीवर ८० टक्के, खडबडीत जमिनीवर ६० टक्के, बकेटसाठी ५० टक्के. समजा, पूर्ण वळून बूम बाहेर काढल्यावर उलटण्याचं ओझं २२०० किलो दिलं आहे. तुमच्या आवारात त्याचे ६० टक्के धरा, म्हणजे १३२० किलो. तो आकडा काट्यांच्या चौकटीसकट दिला आहे का, हे विचारा. नसेल तर चौकटीचे दीड-दोनशे किलो वजा करा. उरले ११०० च्या आसपास. तुमची जंबो बॅग १ टन. बसते, पण वर काही शिल्लक राहत नाही.

भाराचं केंद्र काट्याच्या उभ्या भागापासून किती अंतरावर धरलं आहे तेही पाहा. कोणी ५०० मिलिमीटर धरतं, कोणी ६००. गोल गठ्ठ्याचा मध्य ६०० च्या आसपास पडतो. दोन मशीनची तुलना करताना हे अंतर सारखं नसेल तर ती तुलनाच नाही.

ग्रीसगन

राजेहो, हायड्रा क्रेन पाहता ना रोडवर? नवे हायड्रे मधूनच वळते. वजन लटकवून वळताना ते कशे आडवे होते, हे सगळ्याइले माहीत हाय. तेच गणित इथंबी लागू हाय. बूम लांब करून, वर उचलून, मंग स्टेअरिंग फिरवाचं नाही. आधी बूम आत, ओझं जमिनीपासून वीत-दीड वीत, मंग वळा.

मेंटेनन्सचं सांगतो. या मशीनचा जीव मधल्या सांध्यात राहते. वरची पिन, खालची पिन, त्याचे बुश, स्टेअरिंगच्या सिलिंडरच्या पिना. रोज ८-१० तासांनी ईपी-२ ग्रीस मारा, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. शेणात चालणाऱ्या मशीनची खालची पिन पहिले जाते, कारण शेणाचं पाणी सील मधून आत शिरते. मशीन धुतल्यावर लगेच ग्रीस मारा, म्हणजे पाणी बाहेर ढकललं जाते. आणि प्रेशर वॉशरचं नोझल सांध्याच्या सीलवर धराचं नाही.

जुनी मशीन घेत असान तर हे पाहा:

१. बकेट जमिनीवर टेकवून खाली दाबा, पुढचे चाकं जरासे उचलते. मंग बूम वर-खाली थोडं थोडं करा अन् दुसऱ्या माणसाले लांबून सांध्याकडं पाहाले लावा. पिनाभोवती चेसीचे दोन भाग अलग अलग हालले, "टक" आवाज आला, तर बुश गेले. नुसते बुश बदलून काम भागते, पण घर (बुश बसाचं भोक) वाढलं असन तर वेल्डिंग करून लाइन बोरिंग, म्हणजे भोक पुन्हा मापात कोरणं, लागते. तो खर्च सौद्यातून कापा.

२. एक टन ओझं डोक्याइतकं उचला, इंजिन बंद, बूमच्या सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण. दहा मिनिटांनी पाहा. खूण सरकली तर सिलिंडरचे सील नाही तर व्हॉल्व्ह. ओझ्याखाली कोणी उभं राहाचं नाही, हे सांगाची गरज नसावी, पण सांगतो.

३. बूम अर्धं बाहेर काढून टोक बाजूले हालवा. खळखळ हालत असन तर आतले पॅड झिजले. शिम टाकून जमते, पण पॅड शेवटपर्यंत गेले अन् लोखंडावर लोखंड घासलं असन तर बूमच्या आत ओरखडे दिसते. तशी मशीन सोडून द्या.

४. सांध्यातून जाणारे हायड्रोलिकचे पाइप पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. कुठं घासते, कुठं ताणते. पाइप फुटाची जागा तीच हाय.

५. काट्यांच्या कोपऱ्याची जाडी व्हर्निअरनं मोजा. मूळ जाडीच्या १० टक्के झीज झाली की काटा बाद. लोकल फॅब्रिकेटरनं पट्टी वाकवून बनवलेले काटे लावू नका. चौकट लोकल चालते, काटा नाही.

अन् सांध्यात लॉक बार येते. ट्रेलरवर नेताना अन् मधात हात घालताना तो लावाच. दोन चेसींच्या मधली जागा माणसाले चेंदून टाकते.

मुरघासवाला

उंचीचा हिशेब. गठ्ठा १.२ मीटर धरला तर तिसऱ्या थरासाठी काटे २.४ मीटर अधिक फूटभर, म्हणजे पावणेतीन मीटर. चौथ्यासाठी चार मीटर. मधून वळणाऱ्या बऱ्याच मशीन पाच मीटरच्या आसपास उचलतात, तेव्हा गठ्ठ्यांना पुरते.

अडचण जंबो बॅगेची. बॅग काट्यांना *लटकते*. बॅग १.१ मीटर, वरचे बंद ३० सेंटिमीटर, वर वीतभर मोकळीक. ट्रकच्या डाल्याची वरची कड जमिनीपासून २.८ मीटर असेल तर काटे ४.४ मीटरवर न्यावे लागतात. फाळका उघडणारा ट्रक असेल तर हेच काम सव्वातीन मीटरवर होतं. शिवाय ट्रक अडीच मीटर रुंद. पलीकडच्या कडेला बॅग ठेवायला बूम बाहेर काढावं लागतं, आणि वर हिशेबींनी दिलेला ११०० किलोचा आकडा तिथेच आडवा येतो. दोन्ही बाजूंनी भरा, हा सोपा उपाय.

गोठ्यातल्या कैच्यांची खालची उंचीही मोजून ठेवा. दरवाजातून केबिन जाते, आत गेल्यावर बूम पत्र्याला लागतं.

बकेट एकच घेऊ नका. सोयाबीन घनमीटरला ७५० किलोच्या आसपास, ओलं शेणखत ८०० ते १०००, मुरूम १६०० च्या वर. दीड घनमीटरची बकेट सोयाबीनला ठीक (११२५ किलो), मुरमाने भरली तर २४०० किलोच्या पुढे. कुटाराला मात्र हीच बकेट लहान पडते, त्याला वर चिमटा असलेला शेणकाटा घ्या.

पांदण_मोर्शी

सगळ्यांचे आभार. दोन शंका. पावसाळ्यात काळ्या मातीत कोणती बरी चालेल? आणि नव्या इंजिनच्या युरिया, फिल्टरच्या भानगडी गोठ्यावर झेपतील का?

हिशेबी_वर्धा

पावसाळ्यात काळ्या मातीत दोन्ही नाहीत. ओझ्यासकट पुढच्या अॅक्सलवर मशीनचं बहुतेक वजन येतं. मधून वळणारी एकाच चाकोरीतून जाते म्हणून चिखल कमी तुडवला जातो, आणि रुतली तर सांधा डावा-उजवा करत थोडीफार सरकते. एवढाच फायदा. पांदण ओली असेल तर क्रेट ट्रॅक्टर-ट्रॉलीनेच आणा, टेलिहँडलर शेडपाशी ठेवा. उरलेल्या आवारात मुरूम-खडी दाबून घ्या. मशीनवर जास्तीचा पैसा घालण्याआधी तो खर्च करा, कारण ८० टक्के आणि ६० टक्के यांतला फरक याच जमिनीवर ठरतो.

टायरमधली हवाही बघा. एका बाजूला कमी झाली की खाली इंचभर दिसणारा कल चार मीटरवर बराच मोठा होतो.

ग्रीसगन

इंजिनचं. १ जानेवारी २०२५ पासून अशा मशीनले सीईव्ही टप्पा ५ (बांधकाम यंत्रांच्या धुराचा नियम) लागू हाय. ५६ किलोवॅटच्या वर, म्हणजे ७५ एचपीच्या वर, बहुतेक मॉडेलमध्ये काजळीचा फिल्टर अन् युरियाची टाकी दोन्ही येते. ५६ च्या खाली सहसा नुसता फिल्टर राहते. तुमचं काम ७५ एचपीच्या आत भागत असन तर एक भानगड कमी.

फिल्टर स्वतःले साफ करते तेव्हा आत ५५०-६०० डिग्री तापते. तेव्हा मशीन कुटाराच्या गंजीपाशी, पऱ्हाटीपाशी उभी ठेवाची नाही. मोकळ्या मुरमावर न्या. पाच-पाच मिनिटं चालवून बंद केली तर फिल्टर भरत राहते, म्हणून दिवसाची कामं एकत्र करा.

युरियाचं पाणी (डीईएफ) मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. ३५ डिग्रीच्या आत ठेवलं तर सहा महिने टिकते. आपल्याकडं पारा ४५ जाते. लागन तेवढंच आणा, सावलीत ठेवा.

रेडिएटर: कापूस-कुटाराच्या दिवसात दिवसातून दोनदा हवा मारा, आतून बाहेर. बाहेरून मारली तर रुई आतच ठासते. उलटा फिरणारा पंखा मिळत असन तर घ्या, त्याचे पैसे वसूल होते. हायड्रोलिक तेल कंपनीच्या तक्त्यात जास्त तापमानासाठी ६८ नंबर दिला असन तर उन्हाळ्यात तेच टाका.

अन् हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हची (तेलाच्या दाबानं चाकं फिरवणारी) मशीन बंद पडली तर ट्रॅक्टरनं तशीच ओढाची नाही. पंपावरचा बायपास पहिले उघडा लागते, नाही तर पंप-मोटर जाते. बायपास कुठं हाय ते डिलिव्हरीच्या दिवशीच मेकॅनिककडून दाखवून घ्या.

हिशेबी_वर्धा

एक राहिलं. आपल्याकडच्या यार्डात उभे दिसतात ते बहुतेक चारही चाकं वळणारे. जेसीबीच्या ५३०-७० च्या नावातच क्षमता आणि उंची आहे: ३.० टन, ७.० मीटर. मधून वळणारी मागवायची असेल तर सांध्याच्या पिना-बुश, स्टेअरिंग सिलिंडरचे सील आणि बूमचे पॅड किती दिवसांत मिळतील, हे कोटेशनवर लिहून घ्या. जमलं तर बुशचा एक संच मशीनसोबतच घ्या. नोंदणी आणि विमा बांधकाम यंत्र म्हणून धरा, ट्रॅक्टरच्या सवलती हिशेबात घेऊ नका.

माझं मत: तुमचं रोजचं काम शेण, गठ्ठे आणि गव्हाण आहे, जंबो बॅगा फक्त हंगामात. दोन मीटरच्या आतली, मधून वळणारी, पूर्ण वळून बूम बाहेर असताना निदान २२०० किलोला उलटणारी मशीन मिळत असेल तर ती घ्या. यापेक्षा कमी आकडा असेल तर दरवाजा ३.२ मीटरचा करून सात मीटरवाली घेणं परवडेल. डेमो मागाल तेव्हा तुमचीच भरलेली जंबो बॅग, तुमच्याच आवारात, आणि बॅगेचं बूड जमिनीपासून वीत-दीड वीतच ठेवून पूर्ण वळवून बघा. मागचं चाक हलकं होतं का, ते तिथेच कळेल.

पांदण_मोर्शी

दरवाजाचे खांब विटांचे आहेत, तोडता येतील. दोन्ही आकड्यांसाठी डीलरला आजच लिहितो. डेमोची तारीख ठरली की पूर्ण तक्ता इथे टाकतो.