मदत हवी आहे: महामार्गावरच्या फाट्याला भुयारी मार्ग पाहिजे, पैसा कुठल्या खात्यातून मागायचा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्ज अजून टेबलाटेबलावर फिरतायत.

सोलापूर–धुळे महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ५२, म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून २११च) चौपदरी झाला तेव्हा आमच्या फाट्यावर दुभाजकाला नुसता कट ठेवला. एका अंगाला गाव आणि शाळा, दुसऱ्या अंगाला निम्म्या गावाची रानं आणि कारखान्याचा रस्ता. सर्व्हिस रोड आहे म्हणायला, पण थोडा पुढं जाऊन तो पऱ्हाटीत संपतो.

मागच्या हंगामातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कटमधून वळत होता. मधली पिन निघाली आणि मागची ट्रॉली लेनमध्ये आडवी राहिली. रिफ्लेक्टर नाही. उसाला मागून लाल फडकं बांधलेलं, पण अंधारात ते काळंच दिसतं. ड्रायव्हर पोरगं मोबाइलची बॅटरी हलवत रस्त्याच्या मधोमध उभं. आम्ही पाचट पेटवलं, तेव्हा कुठं गाड्या दमानं यायला लागल्या. त्या रात्री निभावलं. माझ्या वहीत मात्र तीन वर्षांत न निभावलेले सहा अपघात लिहिलेले आहेत.

ग्रामसभेचा ठराव झाला, खासदार-आमदारांना निवेदनं दिली, फोटो काढून झाले. एका कार्यालयात म्हणाले, रस्ता केंद्राचा, आमचा संबंध नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, गावरस्ता जोडायचाय ना, मग राज्याकडं मागा. तिसऱ्या ठिकाणी एका साहेबानं निदान प्रश्न तरी विचारला: "वाहनं मोजलीत का?"

मग मोजली. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, पोरं पाळीपाळीनं वही घेऊन बसली. पीसीयूचा (प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं धरायचं) हिशोब तेव्हा कळला: कार १, ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, मोटारसायकल अर्धी आणि बैलगाडी चक्क ८! त्यानंतर पोरांनी बैलगाड्या जरा जास्तच मन लावून मोजल्या. तरी उपयोग नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या निकषात चौकाच्या सगळ्या बाजूंची मिळून तासाला १०,००० पीसीयू वाहतूक झाली की इंटरचेंजचा (वरून-खालून वेगळे रस्ते काढलेल्या चौकाचा) विचार करा, असं आहे. गावातली सगळी बैलं जुंपली तरी आम्ही तिथं पोचत नाही.

तर विचारायचं असं, की केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतून (सीआरआयएफ) हे बसतं का? आमदार निधी, डीपीसी (जिल्हा नियोजन समिती) यांतून काही निघेल का? की आणखी कुठला मार्ग आहे? अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १ (बांधकाम खात्यातून निवृत्त)

भाऊ, वाहतुकीच्या आकड्यावर अडून बसू नका, तो दरवाजा तुमचा नाही. तुमचा दरवाजा ब्लॅकस्पॉटचा, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेचा. केंद्रीय मंत्रालयाची व्याख्या अशी: राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटरच्या टप्प्यात मागच्या ३ कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. ह्यात बसलात की आधी पट्टे, फलक, रंबलर असा तात्पुरता उपाय होतो आणि पुढं कायमच्या उपायात भुयारी मार्ग किंवा पूल मागता येतो. खर्च महामार्गाच्या बाजूनं.

सीआरआयएफचा जो वाटा राज्याला मिळतो तो राज्याच्या रस्त्यांसाठी. कारखान्याचा रस्ता त्यातून सुधारता येईल, ५२ वरचं बांधकाम नाही. सेतुबंधन योजनेचं कुणी नाव घेतलं तर ऐकून सोडून द्या, ती राज्याच्या रस्त्यांवरच्या पुलांसाठी आणि रेल्वे फाटकांसाठी. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, तोही अख्ख्या मतदारसंघाला. त्यातून गावाच्या बाजूला हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) मागा. तेवढा तरी लगेच पदरात पडेल.

तुमच्या वहीतले सहा कुणी धरणार नाही. पोलिसांत किती नोंदले ते काढा, आणि नोंदीत जागा काय लिहिली ते नीट वाचा. "गेवराई रोडवर" एवढंच असेल तर तो अपघात तुमच्या फाट्याचा ठरत नाही. किलोमीटरचा दगड किंवा जीपीएस पाहिजे. हल्ली पोलीस ई-डारवर (अपघातांच्या ऑनलाइन नोंदीची प्रणाली) नोंद करतात, त्यात जागेची खूण असते. कागद जमले की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीपुढं विषय ठेवा आणि बैठकीच्या इतिवृत्तात तो आला का ते स्वतः बघा. निवेदनाची पोच फायलीत पडून राहते, इतिवृत्तातल्या ओळीला पुढच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक. भुयारी मार्ग मंजूर होताना उंची विचारा. हलक्या वाहनांचा ४ मीटरचा असतो, मोठा साडेपाचचा. ४ वर बोळवण झाली तर उसाची भरलेली ट्रॉली पुन्हा वरूनच कट शोधणार.

प्रतिसाद २ (लातूरकडचा)

वरच्या काकांशी सहमत, फक्त पाण्याचं आधी बघा. आमच्याकडं भुयारी मार्ग मिळाला, पेढे वाटले. काळी जमीन, पाणी मुरत नाही, नाली दिली ती उलट्या उताराची. जुलै ते सप्टेंबर शाळेची पोरं परत महामार्गावरूनच पळतात. तुमच्याकडं रस्ता भरावावर आहे की रानाच्या पातळीला? पातळीला असेल तर रस्ताच वर उचलून मागा, खाली खड्डा घेऊ नका.

धागाकर्ता

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आज पोलीस ठाण्यात जाऊन आलो. सहापैकी चार नोंदी सापडल्या. एकात फाट्याचं नाव आहे, दोनांत "बीड–गेवराई रोडवर" एवढंच, आणि चौथी शेजारच्या गावाच्या शिवारात दाखवलीय. पाचव्या अपघातातला जखमी खाजगी गाडीनं परस्पर संभाजीनगरला नेला होता, त्याची नोंदच नाही. त्याच्या घरी दवाखान्याचे कागद आहेत. त्यावरून आता मागाहून नोंद होते का?

लातूरकर, रस्ता रानाच्या पातळीलाच आहे. पाण्याचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.