एसआरटी १०१ चा मीटर चुकतोय, की माझंच काही चुकतंय?

रीळवेडा: बाबांचा मिनोल्टा एसआरटी १०१, जुना फिल्म कॅमेरा, कपाटातून काढला. शटर झकास चालतंय. उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी अल्कलाइन बटन सेल टाकला, सुई हलायला लागली, व्ह्यूफाइंडरमधला गोल त्या सुईवर आणून आयएसओ ४०० ची (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) अख्खी रीळ मारली, आणि निगेटिव्ह इतक्या पातळ निघाल्या की सावलीतल्या भागात नुसती कोरी फिल्म. मोबाईलच्या मीटरशी ताडलं तर दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मीटर गेला का? आयएसओ २०० लावून भागेल का?

दोन_स्टॉप: मीटर गेला नाही हो, सेल चुकीचा आहे. तो कॅमेरा १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी बनवलाय आणि ते सेल आता मिळत नाहीत. १.५ व्होल्ट दिले की सुई जास्त सरकते, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, म्हणून फोटो अंडर, म्हणजे फिल्मला उजेड कमी पडतो. आयएसओ कमी लावून तात्पुरतं भागेल, पण अल्कलाइनचं व्होल्टेज वापरात हळूहळू उतरत जातं म्हणजे आजचा हिशोब महिन्याने लागू नाही, शिवाय चूक कडक उन्हात वेगळी आणि खोलीत वेगळी. कानाच्या मशीनमधला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या, १.४ व्होल्ट, जवळजवळ तोच. आकाराने लहान असतो, भोवती रबरी रिंग लागेल. स्टिकर काढून दोन-चार मिनिटं हवा लागू द्या मगच घाला, आणि स्टिकरखालची हवेची भोकं बुजवू नका. दोनेक महिन्यांत सुकतो, पण स्वस्त आहे.

छायाप्रकाश: सेल बदलल्यावरही मीटर कुठे धरता ते बघा. त्याला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं दिसतं, त्यामुळे पांढरी भिंत अंडर येणार, काळा कोट ओव्हर, म्हणजे जास्त उजळ. मी विषयावर पडतोय त्याच उजेडात तळहात धरून रीडिंग घेते आणि लेन्सचं छिद्र एक स्टॉप उघडते. आणि कॅमेरा आडवाच धरून मोजा, यातले उजेड मोजणारे दोन सेल (बॅटरी नव्हे) वरचा-खालचा भाग वेगळा बघतात, आभाळाचा उजेड सावरायला, उभा धरला की ते गणित बिघडतं.

रीळवेडा: झिंक-एअर टाकला! भर उन्हात ४०० च्या फिल्मला शटर १/५०० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ १६ यायला हवं ना, सुई अर्ध्या स्टॉपच्या आत आली. पण उन्हातून घरात आलं की थोडा वेळ भलतंच दाखवते?

दोन_स्टॉप: मीटरमधला उजेड मोजणारा सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) सेल कडक उजेड थोडा वेळ धरून ठेवतो. लेन्सला टोपी लावून आत या, मिनिटभर थांबा, मग मोजा.