मदत हवी आहे: कोवळ्या बारोलोचा अंदाज कसा घ्यायचा?

मंडळी, बारोलो या नेब्बिओलो द्राक्षाच्या लाल वाइनची जाण असलेल्यांना विचारतोय. इटलीतल्या पिएमॉन्ते प्रदेशातल्या सेर्रालुंगा द'आल्बा गावची 2019 ची बारोलो घेतली आहे. तिथली वाइन मुळातच कडक अंगाची, ला मोर्रा गावची त्या मानाने लवकर मऊ होते. नियमाप्रमाणे किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात मुरल्याशिवाय बारोलो विकता येत नाही. तरी ही अजून कोवळीच आहे.

एक बाटली उघडली. रंग फिका लाल, ग्लासाच्या कडेला किंचित विटकरी. वास फारच सुरेख: गुलाब, आंबट चेरी आणि मागून डांबर. पण घोट घेतला की कच्चं केळं चावल्यासारख्या हिरड्या आवळतात. आंबटपणाही चढा. उरलेली दुसऱ्या दिवशी चाखली तर फळ बरंच पुढे आलं होतं, टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा) मात्र होतं तसंच.

हे टॅनिन पिकलेलं आहे की हिरवट, हे आत्ताच कशावरून ओळखायचं? मला ते बारीक वाटतं, शेवटी कडवटपणा राहत नाही, म्हणून आशा आहे. बाकीच्या बाटल्या आणखी दहा वर्षं ठेवाव्यात का? आणि इतकी कोवळी बारोलो चाखायच्या आधी तुम्ही डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ओतायच्या काचेच्या भांड्यात) किती तास ठेवता?