दम्याच्या निळ्या पंपाबाबत थोडी भर
‘धाप लागली तरच निळा पंप ओढावा, स्टेरॉइडच्या पंपाची सवय लागते’ असे दम्याविषयीच्या एका प्रतिसादात म्हटले आहे. हीच समजूत आमच्या घरातही वर्षानुवर्षे होती. गोव्यात डिचोलीला पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके उमटू लागले की आईच्या उशाशी निळा पंप येई आणि चतुर्थीपर्यंत तो रिकामा होई. त्यातील साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू तेवढे सैल करते. आतली सूज मात्र तशीच राहते, आणि मूळ दुखणे तेच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्मा १’ या चाचणीत सौम्य दम्याच्या ३,८०० हून अधिक रुग्णांचे वर्षभर निरीक्षण केले, तेव्हा गरजेपुरता ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारे औषध) यांचा एकत्रित पंप घेणाऱ्यांत तीव्र झटक्यांचे प्रमाण, साल्ब्युटामॉलच्याच वर्गातील टर्ब्युटालिन गरजेपुरते घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी आढळले. (रोज नेमाने स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांची लक्षणे अधिक आटोक्यात राहिली, हेही सांगितले पाहिजे.) २०१९ पासून ‘जीना’ (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) या दम्यावरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही किशोरवयीन व प्रौढ रुग्णांना नुसता निळा पंप सुचवला जात नाही. सवयीच्या भीतीविषयी एवढेच, की पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि ओढल्यावर चूळ भरून थुंकली की तोंडात बुरशी होण्याचा धोकाही बराच घटतो.