तालीम सांभाळून करता येईल असं काम हवंय, मदत करा

पुण्यात प्रायोगिक नाटकं करतो. तालीम रोज संध्याकाळी सातनंतर, प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी. प्रयोगाचं पाकीट चहा-पेट्रोलातच संपतं, म्हणून एजन्सीमार्फत हंगामी कामं घेतो.

गोची अशी की दिवाळीच्या आगेमागे दुकानं-गोदामांत कामं उदंड असतात आणि नेमक्या तेव्हाच राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी रंगात येतात. त्यात एजन्सी पाळी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळवते. एकदा नाही म्हटलं, की पुढे बरेच दिवस फोनच येत नाही.

कॉल सेंटरची रात्रपाळी करून पाहिली, आवाज बसला. इव्हेंटची कामं शनिवार-रविवारीच येतात. डिलिव्हरीत पैसे रात्रीच्या जेवणाच्या गर्दीत, म्हणजे ऐन तालमीच्या वेळी.

मराठी-इंग्रजी टायपिंग येतं, दुचाकी आहे, पहाटेपासून पाचपर्यंत मोकळा असतो. महिन्याला पंधरा हजार सुटले तरी भागेल. ('कायमची नोकरी धर' हे घरी रोज ऐकतो, ते सोडून सांगा.)

पाळी आठवडाभर आधी ठरते असं सकाळचं काम नक्की कुठे मिळेल? आणि प्रयोगाच्या तारखा एजन्सीला नाव नोंदवतानाच सांगाव्यात, की काम हातात आल्यावर?