टेक्सासवाल्यांना सरकार नको म्हणजे नक्की काय नको?

फ्रिस्कोकर
मंडळी, न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासात डॅलसजवळ फ्रिस्कोला येऊन आता बऱ्यापैकी बस्तान बसलंय, पोरं शाळेत रुळली, त्यामुळे जरा आजूबाजूला बघायला सवड मिळतेय आणि एक गोष्ट काही केल्या पचत नाहीये. शेजारचे काका, सत्तरीचे, माणूस लाखमोलाचा, आम्ही आलो तेव्हा न बोलावता सामान उतरवायला आले होते. पण सरकारचा विषय निघाला की सुरू. सरकारने रस्ते करावेत, सैन्य ठेवावं आणि गप्प बसावं, बाकी मार्केट बघून घेईल. ठीक आहे, असतं एकेकाचं मत. पण हेच काका आमच्या एचओएच्या (घरमालकांच्या सोसायटीच्या) बोर्डावर आहेत, आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो म्हणून मला रीतसर पत्र आलंय, शिवाय कुंपणाला कुठला रंग चालेल त्याचं वेगळं पत्रक! जर्सीत टॅक्सने जीव नकोसा करायचे पण माझ्या डब्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता तिकडेही गंमत आहेच म्हणा, पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.
तर हा फरक फक्त रिपब्लिकन-डेमोक्रॅट आहे की प्रांताप्रांताचा जुना स्वभाव आहे? निवडणुकीची भांडणं इथे नकोत प्लीज, त्याला वेगळे धागे आहेत.

जुनं_खोड_ह्यूस्टन
वेलकम टू टेक्सास :) एचओए म्हणजे सरकार नाहीच, असं काका म्हणतील. तुम्ही सही करून घर घेतलंत, करार आहे तो. इथल्या माणसाला करार म्हटला की सगळं चालतं. आमच्या ह्यूस्टनला तर झोनिंगच (कुठे काय बांधायचं याचे शहराचे नियम) नाही, पण सोसायट्यांच्या कागदांत झोनिंगपेक्षा कडक अटी असतात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या काही मोडल्या तर खुद्द शहर कोर्टात जाऊ शकतं.
इन्कम टॅक्स नाही म्हणून खूष होऊन आला असाल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून डोळे पांढरे झाले असतील. २०१९ मध्ये तर लोकांनी मत देऊन राज्याच्या घटनेतच घालून टाकलं की इन्कम टॅक्स लावायचा नाही. विधानसभा दोन वर्षांतून एकदा भरते, तीही १४० दिवस. का, तर सिव्हिल वॉरनंतरच्या राजवटीवर राग होता, म्हणून १८७६ ची घटनाच अशी लिहिली की राजधानीत, ऑस्टिनमध्ये बसलेल्यांचे हात बांधलेले राहावेत.
पण तुमच्या शेजारच्या ॲलन गावात जाऊन हायस्कूलचं फुटबॉल स्टेडियम बघून या. १८ हजार सीट, जवळपास ६ कोटी डॉलर खर्च, आणि त्यासाठीचा शाळेचा बॉण्ड (कर्जरोखा) २००९ मध्ये, ऐन मंदीत, लोकांनी स्वतः मत देऊन पास केला. २०१२ ला उघडलं, दोन वर्षांत काँक्रीटला तडे म्हणून बंद ठेवावं लागलं, ते सोडा. ऑस्टिनला पैसा द्यायला पोटात दुखतं, पोरांच्या शाळेला नाही.
आणि मार्केट मार्केट म्हणतात त्याचंही ऐका. टेस्लाच्या गाड्या ऑस्टिनला बनतात पण कंपनीने इथे शोरूम टाकून थेट गाडी विकायची नाही, कायदाच आहे, मधे डीलर पाहिजे. डीलर लोकांचं वजन आहे विधानसभेत, अजून काय.

फ्रिस्कोकर
हे टेस्लाचं माहीत नव्हतं, कहर आहे. मग वीज कंपनी आपण निवडायची, ते खरं मार्केट ना?

जुनं_खोड_ह्यूस्टन
ते आहे. आणि त्याचा प्रसाद फेब्रुवारी २०२१ ला मिळाला. टेक्सासची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, मुद्दाम राज्यापुरती ठेवलीय, कारण वीज हद्द ओलांडून गेली की वॉशिंग्टनचे नियम लागू होतात. थंडीत गॅसच्या लाइनी, प्लांट सगळं गोठलं, बाहेरून वीज आणायची तर तारा नावापुरत्या. ज्यांनी होलसेल भावाचा प्लॅन घेतला होता त्यांना युनिटला ९ डॉलरपर्यंत भाव लागला, हजारो डॉलरची बिलं आली. सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं गेली. एल पासो मात्र वेगळ्या ग्रिडवर, त्यांचं बरंच निभावलं. त्यानंतर आमच्या गल्लीतला सगळ्यात कट्टर माणूसही विचारत होता की ऑस्टिनवाले झोपले होते का. पण ग्रिड जोडून घ्या म्हटलं की परत नाही!

दळणवाला_फार्गो
आमच्याकडे या, डोकं अजून फिरेल. नॉर्थ डकोटा, डोळे झाकून रिपब्लिकन राज्य, आणि राज्य सरकारच्या मालकीची बँक आहे, १९१९ पासून. ग्रँड फोर्क्सला सरकारी पिठाची गिरणी आहे, ती सुद्धा शंभर वर्षं चालू, फायदा राज्याच्या तिजोरीत. हे कम्युनिस्टांनी नाही केलं, गव्हाच्या शेतकऱ्यांनी केलं. मिनियापोलिसचे धान्यवाले व्यापारी मालाची प्रत खाली दाखवायचे, बँकवाले व्याज लावायचे, रेल्वे भाडं लावायची, शेवटी वैतागून १९१५ ला नॉनपार्टिझन लीग काढली आणि पुढच्या दोन निवडणुकांत राज्यच ताब्यात घेतलं. बाहेरच्या सावकाराविरुद्ध सहकारी सोसायटी आणि साखर कारखाना उभा करणारा आपला नगर-सांगलीचा शेतकरी ज्याला माहितीय त्याला हे पटकन कळेल.
अजून एक. इथे मेडिकलचं दुकान बहुतांशी फार्मासिस्टच्याच मालकीचं असावं लागतं, मोठ्या चेनना २०१४ मध्ये हा कायदा मोडायचा होता, लोकांनी मत देऊन तो डाव हाणून पाडला. माझ्या दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, मी फ्री मार्केटवालाच आहे, पण वॉलमार्ट म्हणजे मार्केट नव्हे. आता बोला. साउथ डकोटा ओलांडून खाली नेब्रास्कात तर घरोघरची वीज अख्खी सरकारी किंवा सहकारी, खासगी कंपनीच नाही. मला तर वाटतं सरकार किती, हा प्रश्न या लोकांना पडतच नाही, मालक आपल्यातला आहे की लांबचा, एवढंच बघतात.

मिरची_नॅशुआ
न्यू हॅम्पशायरचं सांगते. गाडीच्या नंबर प्लेटवरच ब्रीदवाक्य, स्वतंत्र जगा नाहीतर मरा. मोठ्या माणसाला सीटबेल्टची सक्ती नाही, सेल्स टॅक्स नाही, पगारावर टॅक्स नाही. आणि दारूची दुकानं? सरकारी! हायवेला लागून भली मोठी, मॅसॅच्युसेट्सवाले डिकी भरभरून नेतात आणि राज्य त्यावर कमावतं. छोट्या गावांत मार्चमध्ये टाउन मीटिंग असते, मी एकदा मैत्रिणीच्या गावी नुसती बघायला गेले होते, बर्फ काढायचा नवीन ट्रक घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा यावर कितीतरी वेळ वाद, एक आजी विणकाम करत बसलेल्या, मधेच उठून गेल्या वर्षीच्या डिझेलचा आकडा सांगितला आणि परत विणायला लागल्या. शेवटी हात वर करून मतदान. तिथे सरकारला शिव्या देणार कुणाला, तुम्हीच सरकार!
तासभर दक्षिणेला गेलं की बॉस्टनचे लोक २००६ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा करून बसलेत, आणि तो कायदा सही केला रिपब्लिकन गव्हर्नर रॉम्नीने.

तिरळा_कोन
वर सगळं गोडगोड चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा. "जवळचं सरकार बरं" हे दक्षिणेतल्या काळ्या माणसाला विचारा. त्याच्यासाठी गावचा शेरीफ, काउंटीचा क्लार्क हेच जवळचं सरकार होतं आणि तेच मत देऊ देत नव्हतं. वॉशिंग्टन लांबचं म्हणूनच कामाचं. १९६५ चा मतदान हक्क कायदा वॉशिंग्टनने लादला तेव्हा कुठे नावं नोंदली गेली.
आणि दक्षिणेला सरकार कधीच नको होतं असंही नाही. १९३३ ला टेनेसी व्हॅलीची सरकारी धरणं, वीज, सगळं आनंदाने घेतलं. टेक्सासच्या हिल कंट्रीत वीज कशी आली? सरकारी कर्जावर काढलेल्या सहकारी संस्थेतून, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सनने खटपट करून. फक्त १९३५ ला सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीची सरकारी पेन्शन) आली तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे बाहेर ठेवले, आणि दक्षिणेत त्या कामांत कोण होतं ते सांगायला नको. लाभ सगळ्यांना मिळायला लागला तसं सरकार वाईट व्हायला लागलं असं मला दिसतं, कुणाला टोचलं तर टोचू दे.
प्रांताच्या स्वभावाबद्दल: डॅनियल एलाझार नावाच्या प्राध्यापकाने १९६६ मध्ये अमेरिकेचे तीन भाग पाडले होते. न्यू इंग्लंड ते मिनेसोटा सरकार म्हणजे समाजाचं काम मानणारे, मधले पट्टे सरकारकडे धंद्यासारखं बघणारे, दक्षिण जुन्या घराण्यांची. वाचायला छान, पण ओक्लाहोमा आणि मिसूरीने २०२० मध्ये मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) वाढवायला मत दिलं, फ्लोरिडाने एकाच दिवशी ट्रम्पही निवडला आणि किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलर करायलाही मत दिलं, ते कुठल्या खणात घालायचं?

दळणवाला_फार्गो
@तिरळा_कोन, शेरीफचा मुद्दा मान्य. पण मेडिकेडची मतं माझ्याच बाजूची ना? सरकार म्हणून विचारलं की नाही, बंद पडायला आलेलं गावचं हॉस्पिटल म्हणून विचारलं की हो.

तिरळा_कोन
मग टेक्साससारख्या राज्यात लोकांना थेट विचारायची सोयच नाही, तिथे सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणता येत नाही. तिथलं "लोकांनाच नकोय" किती लोकांचं ते कळणार कसं?

जुनं_खोड_ह्यूस्टन
हे मात्र खरंय. @फ्रिस्कोकर, बाकी चर्चा चालू दे, पण अप्रेझलची (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवल्याची) नोटीस आली की १५ मेच्या आत प्रोटेस्ट नक्की टाका आणि होमस्टेडचा (राहत्या घराला टॅक्स सवलतीचा) अर्ज राहिला असेल तर आधी तो करा. एचओएवाल्या काकांनाच विचारा, दरवर्षी स्वतः जात असणार, सरकारशी कागदावर भांडायचं कसं ते त्यांच्यापेक्षा चांगलं कुणी सांगणार नाही.