उत्तर: मग ॲसिडिटीच्या गोळ्या का चालत नाहीत?

आयबीडीमध्ये (आतड्याला दीर्घकाळ सूज राहण्याचा आजार) ॲसिड ओळखणारे सगळे रिसेप्टर (पेशीला बाहेरचे संकेत देणारी प्रथिनं) औषधाने बंद करावेत, अशी कल्पना आहे; त्यावर वर विचारलंय की हे रिसेप्टरच बंद करायचे तर मग पँटोप्राझोल (जठरातलं ॲसिड कमी करणारी गोळी) घेऊन तेच होणार नाही का. नाही होणार, कारण ते ॲसिड जठरातलं नाहीच. आतड्याच्या सुजलेल्या भागात जमलेल्या पांढऱ्या पेशी भराभर साखर जाळतात, ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टिक ॲसिड साठतं आणि तिथल्या टिश्यूचाच पीएच खाली येतो (म्हणजे आम्लता वाढते). हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात, बाहेरच्या बाजूला त्यांचे हिस्टिडिन (प्रथिनातला एक घटक, अमिनो आम्ल) असतात ते प्रोटॉन (ॲसिडमधले हायड्रोजनचे कण) पकडतात आणि रिसेप्टर चालू होतो. त्यातला जीपीआर६८ पीएच ७.८ ला गप्प, ६.८ ला फुल चालू, हे २००३ मध्येच दाखवलं गेलंय, म्हणजे अगदी थोडासा फरकही पुरतो.

पण 'सगळे बंद करा' हे मात्र मला अजिबात पटत नाही. जीपीआर४, जीपीआर६५ आणि जीपीआर६८ हे असेच ॲसिड ओळखणारे रिसेप्टर; उंदरांमध्ये जीपीआर४ किंवा जीपीआर६८ काढून टाकला की कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) कमी झाला, पण जीपीआर६५ काढला तर उलट वाढला! माणसातही जीपीआर६५ च्या जीनमधला एक बदल आयबीडीच्या जोखमीशी जोडलेला आहे, त्यात पेशीतल्या लायसोसोमचं (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांचं) काम बिघडतं. म्हणजे एकाला ब्लॉक करायचं आणि दुसऱ्याला जपायचं किंवा चेतवायचं, इतकं नेमकं औषध लागणार, आणि आयबीडीसाठी असं मंजूर औषध अजून नाही, त्यामुळे मेसालामीन, अझाथायोप्रिन अशी आयबीडीची जी औषधं चालू असतील ती कृपया या संशोधनाच्या भरवशावर थांबवू नका.